पावसाचं पुण्य कोणाच्या खात्यावर?

बिदर शहराबाहेर अष्टूर नावाचं गाव आहे. तिथे बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीनं उभ्या आहेत. त्यातल्या एका घुमटाखाली अहमदशाह बहमनी पुरलेला आहे. आत भिंतींवर आणि घुमटाच्या पोटात रंगीत नक्षी आणि सुलेखन आहे. दरवर्षी होळीनंतर, हिंदू तिथीप्रमाणे, तिथे उरूस भरतो. कलबुर्गी जिल्ह्यातल्या एका गावाहून लिंगायतांचा जंगम आपल्या माणसांसह पायी येतो. शंख फुंकला जातो, नारळ फुटतो, फुलं वाहिली जातात. मुसलमान त्या सुलतानाला 'वली' म्हणतात, म्हणजे ईश्वराच्या जवळचा माणूस. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात.

याच माणसाबद्दल फिरिश्ता काय लिहितो ते पाहा. गादीवर आल्यावर अहमदशाहनं विजयनगरवर स्वारी केली. राजधानीला वेढा घालायच्या भानगडीत न पडता तो मोकळ्या मुलखात शिरला. बायका, मुलं, म्हातारे असा भेद न करता त्यानं कत्तल केली. मेलेल्यांचा आकडा वीस हजारांवर गेला की सैन्याचा मुक्काम पडायचा आणि तीन दिवस उत्सव व्हायचा.

नारळ फुटतो तो या माणसासमोर, आणि हा उत्सवही याच माणसाचा. मला इतिहासाच्या पेपराला बसायचं नाहीये, त्यामुळे सनावळ्यांपेक्षा मला इथे एक साधा प्रश्न छळतो. एका माणसाच्या खात्यावर या दोन्ही नोंदी असतील, तर त्याची शिल्लक कशी काढायची? मुळात ती काढता येते का?

कोण होता हा अहमदशाह?

बहमनी राज्य १३४७ साली सुरू झालं. राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी. अहमदशाहचा भाऊ फिरोजशाह १३९७ ते १४२२ गादीवर होता. आपल्यामागे मुलगा सुलतान व्हावा अशी त्याची इच्छा होती. गुलबर्ग्यातले मोठे सूफी ख्वाजा बंदे नवाज गेसूदराज यांचा कौल मात्र अहमदच्या बाजूनं होता. प्रकरण फौजेपर्यंत गेलं आणि १४२२ साली अहमद सुलतान झाला. तो १४३६ पर्यंत राहिला.

या चौदा वर्षांत त्यानं बरंच काही केलं. राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली. वारंगळचं राज्य संपवलं. माळव्याच्या सुलतानाशी लढला. इराणमधल्या किरमानचे सूफी शाह नेमतुल्ला यांना आमंत्रण पाठवलं. ते स्वतः आले नाहीत, पण त्यांचा नातू आला आणि सुलतानानं त्याला गेसूदराजांच्या वंशजांपेक्षाही वरचं स्थान दिलं. इराण-इराकहून आलेले 'आफाकी' आणि इथलेच झालेले 'दखनी' या दरबारी गटांमधलं वैर त्याच्याच काळात पेटलं, आणि पुढे त्यानंच बहमनी राज्य पोखरलं.

आमच्या नवी मुंबईशीही त्याचा संबंध येतो. १४३०च्या सुमाराला त्याचा सरदार खलफ हसन यानं माहीम काबीज केलं. गुजरातच्या सुलतानानं जमिनीवरून फौज आणि समुद्रातून जहाजं पाठवली. ठाणे आणि माहीम इथे बहमनी सैन्याचा पराभव झाला. गंमत म्हणजे गुजरातच्या त्या सुलतानाचं नावही अहमदशाहच, ज्यानं अहमदाबाद वसवलं तो. ज्या खाडीवरून आपण रोज हार्बर लाइननं वाशीहून मानखुर्दला जातो, त्या खाडीच्या काठांसाठी दोन अहमदशाह भांडले होते. हरल्यावर दखनी म्हणाले आफाक्यांमुळे हरलो, आणि आफाकी म्हणाले दखनी पळून गेले म्हणून हरलो. असो.

'वली' ही पदवी मात्र यातल्या कशामुळेच मिळाली नाही. ती मिळाली पावसामुळे. त्याच्या राज्याच्या सुरुवातीच्या काळात दुष्काळ पडला. लोक म्हणू लागले की नव्या सुलतानाचा पायगुण वाईट. फिरिश्ता सांगतो की सुलतान गावाबाहेर उघड्यावर गेला, जमिनीवर डोकं टेकून त्यानं प्रार्थना केली आणि पाऊस आला. लोकांनी त्याला वली ठरवलं.

तीन पळवाटा

हा सगळा प्रकार कोणासमोर मांडला की साधारण तीन उत्तरं येतात. तिन्ही उत्तरं प्रश्न सोडवल्याचा भास निर्माण करतात, म्हणून ती नीट तपासायला हवीत.

पहिलं उत्तर: "तो काळच तसा होता." आजची मापं पंधराव्या शतकाला लावू नयेत. ऐकायला समंजस वाटतं. पण फिरिश्ताच एक अडचणीची गोष्ट सांगून ठेवतो. अहमदशाहच्या अर्ध्या शतकापूर्वी पहिला मुहम्मदशाह बहमनी (१३५८ ते १३७५) आणि विजयनगरचा बुक्कराय यांच्यात भयानक युद्ध झालं. त्यानंतर विजयनगरचे वकील मुहम्मदशाहकडे आले. त्यांचं म्हणणं असं की राजानं गुन्हा केला असेल, पण त्यासाठी निरपराध प्रजेला, बायकामुलांना मारा असं कोणताच धर्म सांगत नाही. आपल्या दोन राज्यांच्या सीमा पुढेही एकमेकींना लागूनच राहणार आहेत, तर काही बंधन घालून घेऊ या. मुहम्मदशाहनं शपथ घेतली की यापुढे विजय मिळाल्यावर कत्तल करणार नाही, आणि माझ्या वारसांनाही हे बंधन राहील.

अहमदशाहच्या स्वारीबद्दल लिहिताना फिरिश्ता मुद्दाम नोंदवतो की त्यानं हा करार मोडला. म्हणजे आपण एकविसाव्या शतकातून फूटपट्टी घेऊन तिकडे जात नाही आहोत. फूटपट्टी तिथेच होती, त्याच्याच घरातली होती, आणि ती कोणी मोडली हेही त्या काळच्या लोकांना कळत होतं. 'काळ तसा होता' असं म्हणताना आपण त्या काळातल्या त्या वकिलांना आणि त्या शपथेला विसरतो. त्या काळातही क्रौर्याला क्रौर्य म्हणणारी माणसं होती.

दुसरं उत्तर: "फिरिश्तावर किती विश्वास ठेवायचा?" हा प्रश्न रास्त आहे. फिरिश्तानं आपला ग्रंथ विजापुरात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या आश्रयानं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिला. म्हणजे घटनेनंतर पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी. दरबारी इतिहासकार आकडे फुगवतात. शत्रूची कत्तल हा त्यांच्या लेखी कधीकधी पराक्रमाचा पुरावा असतो. वीस हजार हा आकडा अचूक आहे असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण आकडा दोन हजारांवर आणला तर प्रश्न एक दशांश होतो का? दोनशे केला तर? आकडा कमी करता येतो, प्रश्न तेवढाच राहतो. शिवाय पावसाची गोष्टही त्याच फिरिश्ताची आहे. कत्तल खोटी आणि पाऊस खरा, किंवा पाऊस खोटा आणि कत्तल खरी, असं आपल्या सोयीनं निवडायला सुरुवात केली की आपण इतिहास वाचत नसतो, वकिली करत असतो.

तिसरं उत्तर सगळ्यात लोकप्रिय आहे: "वाईट केलं, पण चांगलंही केलं ना?" माझा खरा झगडा याच्याशी आहे.

सरासरीचा घोटाळा

माझ्या पिढीला सरासरीची सवय लागली आहे. हॉटेलला ४.२, ड्रायव्हरला ४.८, सिनेमाला ७.१. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा आकडा कसा बनतो ते रोज पाहतो. वेगवेगळ्या माणसांचे वेगवेगळे अनुभव एका रकान्यात ओतले की एक आकडा बाहेर पडतो. तो आकडा कोणाचाच अनुभव नसतो. एकाला जेवणातून विषबाधा झाली आणि नऊ जणांना बिर्याणी आवडली, तर हॉटेल 'बऱ्यापैकी चांगलं' ठरतं. दहाव्याच्या पोटात काय झालं ते त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

अहमदशाहची शिल्लक काढताना आपण हेच करतो. विजयनगरच्या मुलखातल्या खेड्यात जी बाई मारली गेली, तिला बिदरच्या पावसाचा एक थेंब मिळाला नाही. बिदरच्या ज्या शेतकऱ्याचं रान भिजलं, त्याला त्या बाईचं नावही माहीत नव्हतं. देणं एकाचं आणि फेड दुसऱ्याला. गावातला किराणावालासुद्धा असा हिशेब मान्य करणार नाही. माझी उधारी थकली असताना तू शेजारच्या दुकानदाराला जास्त पैसे दिलेस, यानं माझं देणं फिटत नाही.

आणि पावसाचं काय? तो तर सुलतानाचा नव्हताच. प्रार्थना त्याची होती, ढग त्याचे नव्हते. त्याच दिवशी पाऊस आला नसता, तर तोच सुलतान, तीच प्रार्थना, आणि लोकांनी त्याला अपशकुनी ठरवलं असतं. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली अशा प्रकाराला 'नैतिक नशीब' म्हटलं: आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवरून आपल्याला चांगलं किंवा वाईट ठरवलं जाणं. अहमदशाहचं प्रकरण त्याचं टोकाचं उदाहरण आहे. जे त्याच्या हातात होतं, म्हणजे कत्तल थांबवणं, त्यावरून त्याला नाव मिळालं नाही. जे हातात नव्हतं त्यावरून मिळालं.

याची दुसरी बाजूही अष्टूरमध्येच आहे. त्याच ओळीत त्याचा नातू हुमायूनशाह याची कबर आहे. हुमायूननं १४५८ ते १४६१ अशी जेमतेम तीन वर्षं राज्य केलं आणि इतिहासानं त्याला 'जालीम' हे नाव दिलं. बंडखोरांना आणि त्यांच्या माणसांना त्यानं दिलेल्या शिक्षांची वर्णनं फिरिश्तात वाचवत नाहीत. पण बहमनींचे अभ्यासक हारून खान शेरवानी यांचं म्हणणं होतं की हुमायूनची बदनामी बरीच वाढवून सांगितलेली आहे. महमूद गावानसारखा कर्तबगार माणूस त्याच्याच दरबारात होता. ते काहीही असो, हुमायूनच्या घुमटावर वीज पडली आणि अर्धा घुमट कोसळला. आज ती इमारत उभी कापल्यासारखी दिसते. ती पाहून लोक काय म्हणत असतील ते सांगायला नको.

आजोबांवर पाऊस पडला, ते वली. नातवावर वीज पडली, तो जालीम. दोन्ही निकाल आकाशानं दिले असं आपण मानून घेतलं. मेलेल्या माणसांना कोणी विचारलं नाही. विजयनगरच्या मुलखात मेलेल्यांना आजोबा आणि नातू यांच्यात फारसा फरक वाटला असता का? हुमायूननं आपल्या राजधानीतले, दरबारातले लोक मारले. त्यांच्यामागे लिहिणारे, बोलणारे, शाप देणारे उरले. अहमदशाहनं परक्या मुलखातले शेतकरी मारले. त्यांची नावं लिहायला बिदरमध्ये कोणी नव्हतं. क्रौर्य कोणावर केलं, यावरून क्रौर्याचं नाव ठरतं, ही गोष्ट पंधराव्या शतकापुरती नाही.

'त्यातूनच पुढे चांगलं झालं'

हिशेबाची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती महाराष्ट्राच्या फार जवळची आहे. फिरिश्ता सांगतो की अहमदशाहच्या विजयनगर मोहिमेत एक ब्राह्मण मुलगा पकडला गेला. तिमाभट त्याचं नाव. घराणं मूळचं पाथरीचं, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातलं. त्याला मुसलमान करून हसन नाव दिलं. तो शिकला, चढत गेला, बहमनी राज्याचा मोठा मंत्री झाला. त्याचा मुलगा अहमद यानं १४९० साली स्वतंत्र होऊन निजामशाही स्थापन केली आणि अहमदनगर वसवलं. वऱ्हाडात इमादशाही स्थापन करणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क हाही विजयनगरच्या लढाईत लहानपणी पकडलेलाच मुलगा.

पुढचं आपल्याला माहीत आहे. मालोजीराजे निजामशाहीच्या चाकरीत होते. शहाजीराजांनी ती बुडता बुडता सावरायचा प्रयत्न केला. मलिक अंबरची जमीनमोजणी तिथलीच. म्हणजे त्या स्वारीत तो मुलगा पकडला गेला नसता, तर महाराष्ट्राचा इतिहास वेगळा झाला असता.

मग त्या स्वारीचे आभार मानायचे का? हे वाक्य उच्चारतानाच काहीतरी चुकतंय हे कळतं. पकडून नेलेल्या मुलानं पुढे आपल्या आयुष्याचं सोनं केलं, तर ते सोनं त्याचं आहे. त्याला नेणाऱ्याच्या खात्यावर ते जमा होत नाही. नाहीतर जगातला प्रत्येक अत्याचारी शंभर वर्षं थांबून म्हणेल की बघा, माझ्यामुळे काय काय झालं. शंभर वर्षांत काही ना काही चांगलं होतंच. लोक पुन्हा घरं बांधतात, मुलं शिकतात, कोणीतरी गाणी लिहितं. ते लोकांचं कर्तृत्व आहे.

मग भाविकांचं काय?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे अष्टूरला जाणारे चुकतात तर. मला तसं वाटत नाही.

जंगम जेव्हा नारळ फोडतो, तेव्हा तो १४२३च्या स्वारीला मान्यता देत नसतो. त्याच्यासमोर जो आहे तो फौज घेऊन गेलेला सुलतान उरलेलाच नाही. लोकांनी सहाशे वर्षांत त्याला बदलून टाकलं आहे. त्याला पाऊस मागितला, मूल मागितलं, त्याच्यात अल्लमप्रभू पाहिले. ते नातं कृतज्ञतेचं आणि गरजेचं आहे. निकाल देणं हे त्यांचं काम नाही आणि ते देतही नाहीत. एका अर्थानं सामान्य माणसांनी सुलतानाला आपल्या कामाला लावलं आहे.

गडबड करतात ती तिथे न जाणारी, मोबाइलवरून बोलणारी दोन प्रकारची माणसं. एक म्हणतात: बघा अष्टूर, किती गोडीगुलाबी होती तेव्हा. त्यांच्या फॉरवर्डमधून ती खेड्यातली बाई गायब होते. दुसरे म्हणतात: बघा ती कत्तल, आणि तुम्ही तिथे नारळ फोडता? त्यांच्या फॉरवर्डमधून सहाशे वर्षं चालत येणारा जंगम गायब होतो. आणि हे दुसरे लोक आणखी एक पाऊल पुढे जातात. ते सुलतानाचं देणं आज उदगीरच्या किंवा मुंब्र्याच्या एखाद्या मुसलमान मुलाच्या नावावर टाकतात, ज्याचा त्या सुलतानाशी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त संबंध नाही. चांगल्या कामाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येत नसेल, तर अपराधही टाकता येत नाही. नियम एकच आहे.

दामाजीपंतांची पावती

याबाबत आपल्याकडच्या एका गोष्टीला तत्त्वज्ञांपेक्षा जास्त कळलेलं आहे असं मला वाटतं. मराठी माणसाला बिदरचा बादशाह माहीत असतो तो दामाजीपंतांच्या कथेतून. महिपतींनी ती भक्तविजयात सांगितली आहे. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला. दामाजींनी बादशाहाची कोठारं लोकांसाठी उघडली. बादशाह संतापला. तेव्हा विठ्ठल महाराच्या वेषात बिदरला गेला आणि धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला.

लहानपणी ही गोष्ट देवाच्या चमत्काराची वाटते. आता वाचताना तिच्यातली हिशेबाची शिस्त दिसते. दामाजींनी केलं ते पुण्याचंच काम होतं, हजारो माणसं जगली. तरी गोष्ट असं म्हणत नाही की इतकं मोठं पुण्य केल्यावर बादशाहाचं धान्य माफ. देणं देणंच राहिलं. ते ज्याचं होतं त्यालाच चुकतं करावं लागलं, आणि त्यासाठी प्रत्यक्ष देवाला पायपीट करावी लागली. पुण्य एका जागी, देणं दुसऱ्या जागी, आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

या गोष्टीतल्या बादशाहाला सहसा नाव नसतं. तो फक्त 'बेदरचा बादशाह'. पण त्याचं धान्य परत करायला देव येतो. त्या बादशाही फौजेनं ज्यांचं सगळं नेलं, त्यांचं परत करायला कोणत्याच कथेत कोणी आलं नाही. ते खातं उघडंच आहे आणि आता बंद होणार नाही. ज्यांनी माफ करायचं ती माणसं उरली नाहीत, आणि त्यांच्या वतीनं माफ करायचा अधिकार आपल्याला नाही. वसूल करायचाही नाही.

'पण' ऐवजी 'आणि'

मग अहमदशाह कसा होता, याचं उत्तर काय द्यायचं? त्यानं कत्तल केली आणि तो वली म्हणून पुजला जातो. मधे 'आणि' घातलं की दोन्ही वाक्यं शाबूत राहतात. 'पण' घातलं की दुसरं वाक्य पहिल्याला खोडायला लागतं. "कत्तल केली, पण लोक पुजतात." "लोक पुजतात, पण कत्तल केली." बोलणाऱ्याला काय खोडायचं आहे ते त्या एका शब्दावरून कळतं.

हे व्याकरण सुलतानांपुरतं राहत नाही. आपल्या आसपास अशी माणसं आहेत ज्यांनी दवाखाने काढले, रस्ते केले, मुलांच्या फिया भरल्या, आणि ज्यांच्या शब्दावरून कधीतरी कोणाची तरी घरं जळली. निवडणुकीच्या वेळी आपण म्हणतो, "काम तर केलं ना." हे म्हणताना आपण त्यांना एक धडा शिकवत असतो: आधी हवं ते करा, नंतर पाण्याची सोय करा, खातं आपोआप जुळेल. सत्तेवरच्या माणसाला हा धडा फार लवकर कळतो.

दवाखान्याचे आभार जरूर मानावेत, तिथे बरे झालेल्यांनी तर नक्कीच मानावेत. घर जळलेल्यानं ते मानावेत अशी अपेक्षा मात्र कोणी करू नये. आणि ज्यांचं घर जळलेलं नाही, त्यांनी त्याच्या वतीनं हिशेब मिटवून टाकू नये.